उसन्या शब्दाचे ओझे

कोणत्याही आयुर्वेदीय औषधालयाच्या फडताळासमोर क्षणभर उभे राहावे. च्यवनप्राश, आमलकी चूर्ण, गुळवेल सत्त्व, शतावरी कल्प, त्रिफळा. वेष्टने निरनिराळी, निर्माते निरनिराळे, परंतु बहुतेकांवर एक शब्द सामाईक आढळतो : अँटिऑक्सिडंट. हा शब्द आपल्या संहितांतील नाही. तो आपण उसना घेतला. उसने घेण्यात गैर काही नाही. अहिफेन आणि चोपचिनी ही द्रव्येही आपल्या निघंटूंत बाहेरूनच आली आणि येथे रुळली. परंतु द्रव्य घेताना आपल्या पूर्वसूरींनी त्याचे रस, गुण, वीर्य, विपाक पाहिले, त्याचा अनुभव घेतला आणि मगच त्यास पंक्तीत बसविले. ह्या शब्दाच्या बाबतीत तसे काही घडले नाही. ज्या घरातून तो आणला त्या घरी पुढे त्याचे काय झाले, ह्याची विचारपूसही आपण केली नाही.

ती विचारपूस करण्यासाठी एका स्त्री-चिकित्सकाच्या कारकिर्दीचा आधार घ्यावा असे आम्हास वाटते. लंडन येथील डॉ. ल्यूसी चॅपेल ह्या प्रसूतितंत्राच्या प्राध्यापिका. किंग्ज कॉलेज ही त्यांची संस्था आणि सेंट थॉमस रुग्णालय ही त्यांची कर्मभूमी. 2021 साली ब्रिटनच्या आरोग्य खात्याच्या मुख्य वैज्ञानिक सल्लागारपदी त्यांची नियुक्ती झाली. मात्र त्यांचे नाव वैद्यकविश्वात प्रथम गाजले ते 1999 साली, त्या तरुण संशोधक असताना, आणि ते गाजले ते ह्याच शब्दामुळे.

विषय होता प्री-एक्लॅम्पसियाचा, ज्यास आपल्या अभ्यासक्रमात गर्भविषमयता म्हणून शिकविले जाते. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढतो, मूत्रातून प्रथिने जाऊ लागतात, शोथ येतो, आणि वेळीच आवर घातला नाही तर आक्षेप येऊन माता व गर्भ दोघेही संकटात सापडतात. ह्या व्याधीचे मूळ अपरेत आहे, हे वार पडल्यावर व्याधी ओसरतो ह्यावरूनच ध्यानी येते. गर्भाशयाच्या सर्पिल धमन्या गर्भधारणेच्या पूर्वार्धात रुंद व शिथिल व्हावयास हव्यात. त्या तशा झाल्या नाहीत तर अपरेला रक्त कधी कमी तर कधी एकदम जोराने मिळते. ह्या चढउतारातून ऑक्सिजनचे उपद्रवी, अस्थिर रेणू, म्हणजे फ्री रॅडिकल्स, प्रमाणाबाहेर निर्माण होतात. शरीराची त्यांना शमविण्याची शक्ती अपुरी पडली की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. अपरेतून निघालेले दूषित घटक मातेच्या रक्तात मिसळून रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरास इजा करतात, असा सिद्धान्त ऐंशी-नव्वदच्या दशकांत हळूहळू आकारास आला. त्यातही सर्वांत नाजूक अस्तर वृक्कांतील केशवाहिन्यांच्या गुच्छांचे. तेथील पेशी सुजून वाहिनीचे मुख जवळजवळ बंद करतात, आणि मूत्रातून जाणारी प्रथिने हे त्याचेच लक्षण. म्हणजे गर्भाशयात उगम आणि वृक्कात आविष्कार, असा हा व्याधी.

सिद्धान्त देखणा होता. त्यावरून चिकित्साही सरळ सुचत होती : अतिरिक्त ऑक्सिडीकरण हेच कारण असेल, तर त्याला विरोध करणारे द्रव्य द्यावे. चॅपेल आणि त्यांच्या मार्गदर्शक ल्युसिला पोस्टन ह्यांच्या गटाने अधिक धोका असलेल्या 283 गर्भिणींची निवड केली. निम्म्यांना 16 ते 22 व्या आठवड्यापासून रोज 1000 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व व 400 एकक ई जीवनसत्त्व दिले, उरलेल्यांना तशीच दिसणारी निरौषधी गोळी. निष्कर्ष लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. निरौषधी गटात 17 टक्के स्त्रियांना व्याधी झाला, जीवनसत्त्वे घेतलेल्या गटात 8 टक्क्यांना. धोका निम्म्याहून कमी! जगभर आशा पसरली, आणि आम्हास चांगले आठवते की आपल्याकडील परिसंवादांतही आमलकीच्या समर्थनार्थ हा निबंध मोठ्या उत्साहाने सांगितला जात असे.

येथे एक बारकावा आहे, आणि आमच्या मते सारा विषय त्यातच साठलेला आहे. त्या अभ्यासाचे मुख्य मोजमाप व्याधी हे नव्हतेच. अस्तराच्या व अपरेच्या कार्याचे निदर्शक असे रक्तातील काही घटक हे मुख्य मोजमाप होते. व्याधी किती जणींना झाला हे दुय्यम होते, आणि स्त्रियांची संख्या त्यासाठी लहान होती. लेखकांनी हे लपविले नव्हते, मोठ्या अभ्यासाची आवश्यकता त्यांनी स्वतःच सांगितली होती. परंतु उत्साहाच्या भरात असली वाक्ये वाचतो कोण?

तो मोठा अभ्यास त्याच गटाने हाती घेतला. पोस्टन ह्यांच्या नेतृत्वाखाली 25 रुग्णालयांतून 2410 स्त्रिया, तीच जीवनसत्त्वे, तीच मात्रा. 2006 साली निष्कर्ष आला. जीवनसत्त्वे घेणाऱ्या गटात व्याधीचे प्रमाण 15 टक्के, न घेणाऱ्यांत 16 टक्के. म्हणजे लाभ शून्य. आणि त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट ही की जीवनसत्त्वे घेतलेल्या मातांची अल्पवजनी बालके अधिक निघाली : 28 टक्के, दुसऱ्या गटात 24 टक्के. जे निरुपद्रवी म्हणून दिले होते तेही निरुपद्रवी ठरले नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील 1877 प्रथमगर्भा स्त्रियांवरील अभ्यासाने लाभ नसल्याचे सांगितले. 2010 साली अमेरिकेतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरील अभ्यासाने तेच सांगितले.

कोणी म्हणेल, त्या सुपोषित देशांतील स्त्रिया. आपल्याकडील कृश, अल्पाहारी गर्भिणीस लाभ झाला असता. हा आक्षेप रास्त होता आणि त्याचीही परीक्षा झाली. जागतिक आरोग्य संघटनेने पोषण कमी असलेल्या चार देशांत, भारत, पेरू, दक्षिण आफ्रिका व व्हिएतनाम येथे, 1365 स्त्रियांवर हाच प्रयोग केला. त्यातील भारतीय केंद्र आपल्या नागपुरात होते. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षातही व्याधीच्या प्रमाणात फरक आढळला नाही. विदर्भातील गर्भिणींनी दिलेले हे उत्तर महाराष्ट्रातील किती वैद्यांच्या वाचनात आले असेल, ह्याविषयी आम्हास शंका आहे. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेने प्री-एक्लॅम्पसिया टाळण्यासाठी क व ई जीवनसत्त्वे देऊ नयेत अशी स्पष्ट शिफारस केली.

मग सिद्धान्त खोटा होता काय? तसे म्हणता येत नाही. व्याधिग्रस्त अपरेत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आढळतो, हे आजही कोणी नाकारीत नाही. परंतु धूर दिसतो म्हणून धूर हाकलल्याने आग विझत नाही. धमन्यांची जडणघडण पहिल्या काही महिन्यांतच बिघडलेली असते, औषध मात्र पाचव्या महिन्याच्या आसपास सुरू होते. शिवाय हे उपद्रवी रेणू शरीरात निरोप पोहोचविण्याचे कामही करतात, सरसकट शत्रू नव्हेत. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर लिंगाला हेतू समजून चिकित्सा केली गेली.

चॅपेल ह्यांच्या कारकिर्दीतील आम्हास सर्वाधिक मोलाचा वाटणारा भाग ह्यापुढचा. ज्या निबंधाने नाव झाले तो निरर्थक ठरल्यावर पुष्कळ जण त्याचे समर्थन करीत आयुष्य काढतात. मात्रा बदलून पाहा, काळ बदलून पाहा, असे म्हणत राहतात. त्यांनी तसे केले नाही. त्या गर्भिणीच्या रक्तदाबाकडे आणि वृक्कविकाराकडे वळल्या आणि सर्वत्र रूढ असलेल्या गोष्टी एकेक करून तपासू लागल्या. गर्भारपणातील यकृतजन्य कंडूसाठी अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल सर्रास दिले जात होते. 605 स्त्रियांवरील त्यांच्या अभ्यासाने 2019 साली दाखविले की त्यामुळे बालकाच्या धोक्यात फरक पडत नाही. त्याच वर्षी अपरेतून स्रवणाऱ्या एका वृद्धिघटकाच्या रक्तपरीक्षेमुळे प्री-एक्लॅम्पसियाचे निदान होण्यास लागणारा सरासरी काळ सुमारे चार दिवसांवरून दोन दिवसांवर येतो, असेही त्यांच्या गटाने सिद्ध केले. मूळचा वृक्कविकार असलेल्या स्त्रीचे गर्भारपण कसे सांभाळावे ह्याविषयीच्या ब्रिटिश मार्गदर्शिकेच्या लेखकांत त्यांचे नाव आहे. ह्यातील एकही काम 1999 च्या निबंधाइतके चमकदार नाही. पण खाटेवरील स्त्रीच्या उपयोगी पडणारे आहे.

त्या वृद्धिघटकाचे महत्त्व ज्यांनी उलगडले त्यांच्यात एक भारतीय वंशाचे वृक्करोगतज्ज्ञ अग्रभागी आहेत, हेही येथे नमूद करावे. डॉ. अनंत करुमंची ह्यांनी बोस्टन येथे 2003 साली दाखविले की व्याधिग्रस्त अपरेतून एक प्रथिन अतिरिक्त प्रमाणात मातेच्या रक्तात येते व रक्तवाहिन्यांच्या अस्तराला जगविणाऱ्या घटकांना अडवून धरते. तेच प्रथिन गर्भिणी उंदरांच्या शरीरात वाढविले तेव्हा त्यांचा रक्तदाब वाढला, मूत्रातून प्रथिने गेली आणि वृक्कांत नेमकी तीच विकृती दिसली. ह्या शोधावर आधारलेल्या रक्तपरीक्षेस अमेरिकेत 2023 साली मान्यता मिळाली, म्हणजे वीस वर्षे लागली. आपल्याकडे काढ्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठविल्यापासून पत्रक छापेपर्यंत किती दिवस लागतात?

वृक्कविकाराच्या क्षेत्रातही हेच घडले. बार्डॉक्सोलोन नावाचे औषध शरीराच्या स्वतःच्या ऑक्सिडीकरणविरोधी यंत्रणेला चेतविते. मधुमेहजन्य वृक्कविकाराच्या रुग्णांत ते दिले असता वृक्कांची गाळणक्षमता वाढलेली दिसली, अहवाल सुधारले, सर्वत्र आनंद झाला. 2185 रुग्णांवरील मोठा अभ्यास मात्र 2012 साली मध्येच थांबवावा लागला, कारण औषध घेणाऱ्यांना हृदयाची दुर्बलता येऊन रुग्णालयात दाखल करण्याचे प्रसंग लक्षणीय वाढले. कागदावरचा आकडा सुधारला आणि रुग्ण बिघडला.

आता आपल्याकडे वळू. आपल्या पदव्युत्तर प्रबंधांतील व परिषदांतील निबंधांचा मोठा भाग आजही एका परीक्षानळीतील चाचणीवर उभा आहे. जांभळ्या द्रावणात वनस्पतीचा अर्क टाकावयाचा, रंग किती फिका झाला ते मोजावयाचे, आणि द्रव्य 'प्रभावी अँटिऑक्सिडंट' असल्याचे घोषित करावयाचे. चहा आणि हळदही ही परीक्षा सहज उत्तीर्ण होतात, क जीवनसत्त्व तर मापदंड म्हणूनच वापरले जाते. म्हणजे ज्या मापदंडाशी आपण आमलकीची तुलना करून धन्यता मानतो, तो मापदंडच गर्भिणीच्या बाबतीत निरुपयोगी ठरलेला आहे! आमलकीचे रसायनत्व ह्यावरच अवलंबून असेल तर नागपूरच्या अभ्यासाने ते संपले असे मानावे लागेल. आम्ही तसे मानीत नाही. रसायनाची संकल्पना अग्नी, धातुपोषण, स्रोतसांची शुद्धी, वय, ऋतू आणि पूर्वशोधन ह्यांच्याशी बांधलेली आहे, द्रावणाच्या रंगाशी नव्हे. परंतु मग वेष्टनावरील तो शब्दही खाली उतरवावयास हवा. आयुर्वेदाचे औषध म्हणजे एक रेणू नव्हे, असे व्यासपीठावरून सांगावयाचे आणि विकताना एका रेणूचा गुण छापावयाचा, ह्या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

हे लिहिण्याचा अधिकार आम्हास आहे असे नव्हे. व्यवसायाच्या आरंभीच्या काळातील एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. आठव्या महिन्यातील एक प्रथमगर्भा पायांवरील सूज घेऊन आली. नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, आणि आम्ही पुनर्नवाष्टक काढा देऊन आठवड्याने बोलाविले. रक्तदाबमापक टेबलाच्या खणात होते. ते बाहेर काढले नाही. पाचव्या दिवशी सासूबाई तिला घेऊन आल्या तेव्हा चेहरा सुजलेला, डोके ठणकत होते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. रक्तदाब 170 वर 110. रिक्षात घालून रुग्णालयात पोहोचविले, त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. माता व बालक दोघेही वाचले, ह्यात आमचे श्रेय काही नाही. सूज थोडी उतरली होती, हे विशेष. काढ्याने आपले काम केले होते. व्याधी मात्र दुसरीकडेच होता.

त्यानंतर गर्भिणीचा रक्तदाब पाहिल्यावाचून आम्ही एकही पुडी बांधली नाही. 140 वर 90 किंवा त्याहून अधिक आढळला, अथवा मूत्रपरीक्षेत प्रथिने आढळली, तर तिला त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञाकडे पाठवावे, ह्यात वैद्याला कमीपणा नाही. गर्भिणीस काठोकाठ तेलाने भरलेल्या पात्रासारखे जपावे, असे चरकाचार्यांचेच सांगणे आहे. तसेच प्रौढ स्त्री शोथ किंवा उच्च रक्तदाबाची तक्रार घेऊन आली असता तिच्या गर्भारपणांचा इतिहास विचारावा. नॉर्वेतील पाच लाख सत्तर हजार स्त्रियांच्या नोंदींवरून 2008 साली असे दिसले की पहिल्या गर्भारपणात प्री-एक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रीस पुढे वृक्क पूर्ण निकामी होण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ पावणेपाच पट असतो. मुळात हा धोका अल्प आहे हे खरे, परंतु वीस वर्षांपूर्वीचे ते बाळंतपण विचारल्यावाचून कळणार नाही.

औषधालयांच्या मालकांशी आम्हास थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. 2012 साली न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने सहा गर्भिणींच्या रक्तात शिसे वाढल्याचे नोंदविले. सहाही जणी भारतातून आलेली आयुर्वेदीय औषधे घेत होत्या. शिसे अपरेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि वृक्कांनाही सोडीत नाही. केवळ वनस्पतिजन्य निर्यात औषधांसाठी जड धातूंची तपासणी 2006 पासून सक्तीची आहे, शिश्यासाठी दशलक्ष भागांत 10 भाग ही मर्यादा आहे. परंतु गावच्या स्त्रीने काय पाप केले आहे की तिच्या औषधाला परदेशी स्त्रीच्या औषधापेक्षा सैल नियम असावा? आणि द्रव्याच्या ओळखीची हयगय किती महाग पडते, हे ब्रुसेल्सने दाखविले आहे. तेथील एका चिकित्सालयात कृश होण्यासाठी दिलेल्या चिनी औषधात एका वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया वर्गातील दुसरी वनस्पती मिसळली गेली. 1993 पासून प्रकाशात आलेल्या ह्या प्रकरणात शंभराहून अधिक रुग्णांचे, मुख्यतः स्त्रियांचे, वृक्क खराब झाले. आपली ईश्वरी ही ह्याच वर्गातील आहे. बाजारातून पोत्याने येणारा माल उघडून, निरखून घेणारा जुना जाणकार औषधालयात आता क्वचितच उरला आहे, आणि त्याच्या जागी आलेला संगणक वास घेऊ शकत नाही.

मग आपण काय करावे? निराश होऊन संहिता मिटवून ठेवाव्यात असे आमचे म्हणणे मुळीच नाही. उलट, योग्य प्रश्न संहितेतच पडून आहे. सुश्रुताचार्यांनी मासानुमासिक परिचर्येत सहाव्या महिन्यात गोक्षुरसिद्ध घृत किंवा यवागू सांगितली आहे. सहाव्याच महिन्यात, आणि मूत्रवह स्रोतसावर कार्य करणारे गोक्षुरच का? गर्भविषमयता प्रकट होण्याचा काळ साधारणतः ह्यानंतरच सुरू होतो, ही गोष्ट आम्हास विचार करण्याजोगी वाटते. ह्यामुळे प्री-एक्लॅम्पसिया टळतो असे काही वैद्य छातीठोकपणे सांगतात. टळत असेलही. परंतु 'आमच्या रुग्णांत एकीलाही झाला नाही' हा पुरावा नव्हे. बहुसंख्य गर्भिणींना तो तसाही होत नाही. तुपाऐवजी साधे तूप घेणाऱ्या तितक्याच स्त्रिया हव्यात, आधी ठरविलेले मोजमाप हवे, आणि ते मोजमाप व्याधी हेच हवे, रक्तातील एखादा घटक नव्हे. अभ्यासाची नोंदणी आरंभापूर्वीच राष्ट्रीय चाचणी नोंदवहीत व्हावी, म्हणजे निष्कर्ष उलटा आला तरी तो पेटीत दडवता येणार नाही. ज्या स्त्रियांना आधुनिक मतानुसार कॅल्शियम वा अल्पमात्रेत ॲस्पिरिन देणे आवश्यक आहे, त्यांना ते चालूच राहावे. त्यापासून वंचित ठेवून घृताची परीक्षा घेणे हा अपराध ठरेल.

एवढा अभ्यास एका वैद्याच्या आवाक्यातील नाही, एका जिल्हा शाखेच्याही नाही. परंतु त्याची पहिली पायरी आपल्या हाती आहे. संघटनेच्या प्रत्येक सभासदाने येत्या वर्षभरात आपल्याकडे आलेल्या प्रत्येक गर्भिणीची एका पानावर नोंद ठेवावी : कितवा महिना, रक्तदाब, मूत्रातील प्रथिने, दिलेले औषध व त्याचा निर्माता, आणि प्रसूतीनंतर माता-बालकाची स्थिती. ज्यांना त्रास झाला त्यांचीही नोंद, किंबहुना त्यांची आधी. ह्या पानाचा कच्चा नमुना आम्ही तयार केला असून कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत तो मांडणार आहोत. त्यात 'अँटिऑक्सिडंट' असा रकाना ठेवलेला नाही.